बॉण्ड संपल्यावर पीएचसीत राहावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमबीबीएस झालंय, जत तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातली (पीएचसी) बॉण्डची सक्तीची सेवा संपत आलीय, काम आवडायला लागलंय. घरचे मात्र म्हणतात, पीजी केलं नाहीस तर जन्मभर ‘साधा एमबीबीएस’ राहशील. खात्यात राहून जिल्हा आरोग्य अधिकारी किंवा त्याच्याही वर जाता येतं का, ते काम नेमकं कसलं असतं आणि त्यासाठी आत्तापासून काय शिकायचं?

हा पेच तुम्ही ‘पीजी की खातं’ असा मांडलाय. मला त्याच्या मुळाशी दुसराच प्रश्न दिसतो. समोर पेशंट नसताना डॉक्टरकी करणं तुम्हाला मानवेल का? डीएचओच्या, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या, दिवसात ओपीडी नसते. सकाळी व्हिडिओ कॉन्फरन्स, दुपारी एखाद्या पीएचसीला भेट, संध्याकाळी फायली. तुमच्यामुळे न झालेला कॉलरा कुणाला दिसत नाही, त्याचे आभार मानायला कुणी येत नाही. ज्याला बरा झालेला माणूस डोळ्यांसमोर हवा असतो, त्याला हे काम पाच-सहा वर्षांत कोरडं वाटायला लागतं. त्यात त्याचा काही दोष नाही. अशा माणसानं सर्जरी किंवा मेडिसिन करून रुग्णालयाच्या बाजूला यावं, तिथंही खात्याला डॉक्टर हवेच आहेत.

खात्यात वाटा दोन आहेत, हे आधी नीट समजून घ्या. एक जिल्हा परिषदेची: उपकेंद्र, पीएचसी, तालुका आरोग्य अधिकारी, मग डीएचओ. दुसरी रुग्णालयांची: ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, सिव्हिल, आणि त्यावर जिल्हा शल्यचिकित्सक. क्लिनिकल पीजी केलेल्याला दुसरी वाट सरळ पडते. पहिल्या वाटेवरही पीजी लागतंच, फक्त ते वेगळं. एमडी पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) किंवा सार्वजनिक आरोग्यातली पदविका असेल तर डीएचओ संवर्गाच्या सरळसेवेच्या जाहिरातीला उभं राहता येतं. नुसत्या एमबीबीएसवर पदोन्नतीनं वर गेलेली माणसं आहेत, पण त्याला वर्षं लागतात आणि ती किती, हे ज्येष्ठता यादीवर ठरतं. थोडक्यात, घरच्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. पीजी कराच. कुठलं, ते वरच्या प्रश्नाचं उत्तर काय येतं त्यावर ठरवा.

चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा एमपीएच अभ्यासक्रमही पाहून ठेवा. साथीचा माग काढायला तिथं प्रत्यक्ष शिकवतात. मात्र सरळसेवेच्या अटीत तो चालतो का, हे त्या-त्या जाहिरातीतच वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. नियमित सेवेत आल्यावर सेवांतर्गत कोट्यातून पीजीला जाता येतं. त्याच्याही अटी दर वर्षीच्या माहितीपत्रकात असतात.

आता नोकरीचं. बॉण्डची किंवा अकरा महिन्यांची नेमणूक म्हणजे खात्यात आलो, असं नव्हे. ज्येष्ठता मोजली जाते ती नियमित निवड झाल्यापासून. एमपीएससी असो की खात्याचं निवड मंडळ, ज्या वर्षी जाहिरात येईल त्या वर्षी अर्ज करून मोकळे व्हा. दोन वर्षं थांबून आलेला माणूस पुढची वीस वर्षं आपल्याच वर्गमित्राच्या खाली राहतो. वैद्यकीय अधिकारी गट-अचं सातव्या वेतन आयोगातलं मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि मूळ वेतनाच्या ३५ टक्के व्यवसायरोध भत्ता. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन आपोआप लागू नाही, हे लक्षात घेऊन घरचं गणित मांडा. आणि व्यवसायरोध भत्ता घ्यायचा अन् संध्याकाळी पत्नीच्या नावाच्या दवाखान्यात बसायचं, हे करू नका. तक्रार एकच पुरते, आणि ती बहुतेक वेळा आपल्याच स्टाफमधून जाते.

पदं याप्रमाणे चढतात, पण काम पदाबरोबर येत नाही. डीएचओ म्हणून जे कौशल्य लागतं ते सगळं पीएचसीच्या पहिल्या चार-पाच वर्षांत शिकायचं असतं. तिथं ते निसटलं तर पुढं कुणी शिकवत नाही, कारण तोवर तुम्ही ‘साहेब’ झालेले असता. हे काम कसलं, ते एका उदाहरणानं सांगतो.

समजा, सोमवारी सकाळी आशाताईंचा फोन आला: गावात नऊ जणांना जुलाब. पहिली चूक इथंच होते. सगळी टीम औषधाची खोकी घेऊन धावते आणि आरोग्य सेवक घाबरून आधी टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) ओततो. मग पाण्याचा नमुना घेतला जातो आणि आठवड्यानं अहवाल येतो, ‘पिण्यास योग्य’. येणारच. त्यामुळे क्रम पक्का डोक्यात ठेवा. आधी नमुना, मग टीसीएल. क्लोरीन असलेल्या पाण्यासाठी प्रयोगशाळेनं दिलेली, थायोसल्फेट घातलेली निर्जंतुक बाटलीच वापरायची. पाण्याच्या मोकळ्या झालेल्या प्लास्टिक बाटलीतला नमुना जंतू तपासायच्या कामाचा नाही. बाटली शीतपेटीत घालून त्याच दिवशी पाठवायची. शौचाचे नमुनेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, कॅरी-ब्लेअर माध्यमात. हे माध्यम पीएचसीत असतं का आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हे मे महिन्यात बघायचं. साथ आल्यावर बघून उपयोग नाही.

मग रुग्णयादी. नाव, वय, वाडी किंवा गल्ली, कुठल्या नळाचं पाणी, आणि जुलाब सुरू झाल्याची तारीख व वेळ. वेळ लिहायला सगळे कंटाळतात, पण तीच सर्वात कामाची. सगळे एकाच रात्रीत आजारी पडले असतील तर एखादं लग्नाचं जेवण किंवा एकदाच मिसळलेलं घाण पाणी शोधायचं. रोज दोन-तीन नवे येत असतील तर गळती अजून चालू आहे. कागदावर गावाचा हातानं नकाशा काढा, टाकी, व्हॉल्व्ह आणि गटार दाखवा, आणि रुग्णाच्या घरावर टिंब द्या. आपल्याकडं पाणी दिवसाआड किंवा दोन तास येतं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होताना बाहेरचं आत ओढतो. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गटाराचं पाणी साचलं असेल तर पुढं सांगायला नको. टिंबं एका व्हॉल्व्हच्या पुढं गोळा झालेली दिसली की ग्रामपंचायतीला खोदायला नेमकी जागा दाखवता येते.

टीसीएलचा हिशेब तुम्हाला स्वतःला यायला हवा. चांगल्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, आणि पुस्तकी मात्रा हजार लिटरला २.५ ग्रॅम. म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीला १२५ ग्रॅम. विहीर असेल तर व्यासाचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले ४. सगळं मीटरमध्ये मोजलं तर घनमीटर येतात, त्यांना हजारानं गुणलं की लिटर. चार मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असलेल्या विहिरीत ३७,६८० लिटर पाणी होतं, त्याला साधारण ९५ ग्रॅम पावडर. पण पोतं ग्रामपंचायतीच्या ओल्या कोपऱ्यात पावसाळाभर उघडं पडलं असेल तर क्लोरीन उडून १५ टक्क्यांवर आलेला असतो. मग त्याच टाकीला २७५ ग्रॅम लागतील. असा हिशेब गावात कुणी करत नाही, म्हणून २० टक्क्यांखालची पावडर वापरातून काढूनच टाकायची. पावडर बादलीत कालवून, दहा-पंधरा मिनिटं स्थिर ठेवून वरची निवळीच ओतायची, खालचा चुन्याचा गाळ टाकीत जाऊ द्यायचा नाही. तासाभरानं ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पाण्यातला क्लोरीन रंगावरून बघायचा.

ओटी टेस्ट टाकीखालच्या पहिल्या नळावर घेतली तर ती पिवळीच येणार. ती घ्यायची शेवटच्या टोकाला, बहुतेक गावांत जो नळ दलित वस्तीत किंवा मळ्याकडच्या वाडीत असतो तिथं. थेंब टाकल्या टाकल्या, दहा सेकंदांच्या आत रंग वाचायचा. उशीर केला की पाण्यातल्या घाणीशी बांधलेला क्लोरीनही रंग दाखवतो आणि तुम्ही फसता. एरवी तिथं लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळाला तर चालतं, साथीत ०.५ हवा.

एवढं सविस्तर सांगायचं कारण असं की उद्या तुम्ही डीएचओ असाल आणि दहा तालुक्यांतून ‘सर्व पाणी नमुने योग्य’ असा अहवाल टेबलावर येईल, तेव्हा विचारायचा प्रश्न एकच असतो: नमुना टीसीएल टाकण्याआधी घेतला की नंतर, आणि कुठल्या नळाचा? ज्यानं स्वतः शेवटच्या नळाखाली नळी धरलीय त्यालाच हा प्रश्न सुचतो. ज्येष्ठ डॉक्टरची खरी किंमत अशा प्रश्नांत असते. अहवालावर संशय घ्यायचा, तो लिहिणाऱ्या सिस्टरवर नाही.

आकड्यांचंही तसंच. सपाटीवरची पीएचसी ३०,००० लोकसंख्येला, डोंगरी भागातली २०,००० ला. जन्मदर हजारी १५ धरला तर ३०,००० ला वर्षाला ४५० जन्म, म्हणजे महिन्याला ३७-३८. तुमच्या नोंदवहीत २९० असतील तर उरलेले कुठं गेले? पूर्व जतमध्ये त्यातले बरेच अथणी-विजापूरकडं बाळंत होतात, कारण ते जवळ पडतं आणि बोली कानडी. काही पहिलटकरणी माहेरी जातात. हे शोधून झाल्यावर जे उरतं ते तुमचं सुटलेलं काम. उलटही होतं. लसीकरण १०४ टक्के दिसलं की लोक पाठ थोपटतात. मला तिथं छेद चुकलेला दिसतो. वाळवा, पलूस, कराड पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर येतात, त्यांची लेकरं खोपीवर असतात. त्यांना लस दिली की अंश वाढतो, छेदात ती नसतातच. म्हणजे गावातली आठ-दहा मुलं राहून गेली तरी टक्केवारी शंभराच्या वर दिसते. कारखान्याच्या शेती विभागाकडं टोळ्यांची यादी असते, ती मागून घ्यायची आणि खोपींची वेगळी यादी ठेवायची.

शीतसाखळीबद्दल फक्त एक सांगतो. आयएलआरचं (लस ठेवायच्या फ्रीजचं) तापमान २ ते ८ अंश ठेवायचं आणि दिवसातून दोनदा, सुट्टीच्या दिवशीही, लिहायचं. तक्त्यावर महिनाभर सगळीकडं ‘४’ दिसला तर तो एका बैठकीत भरलेला आहे. उन्हानं लस बिघडली तर कुपीवरचा व्हीव्हीएम (उष्णता दाखवणारी खूण) रंग बदलतो, पण गोठून बिघडलेली पेंटा किंवा टीडी लस व्हीव्हीएमवर अगदी चांगली दिसते. म्हणून आइसपॅक फ्रीजरमधून काढल्या काढल्या कॅरियरमध्ये भरायचे नाहीत. बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी खुळखुळलं की मग भरायचे. सत्राच्या दिवशी सकाळी आठला पीएचसीत जाऊन हा आवाज स्वतः ऐका. घाईत हमखास चुकते ती हीच पायरी.

आता ज्या गोष्टीत चांगले चांगले डॉक्टर अडकतात ती: कागद. साथ हाताळण्यात चूक होऊन कुणाची पेन्शन अडकल्याचं क्वचितच घडतं. जडसंग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टर) ऑटोक्लेव्ह आहे आणि खोलीत नाही, एवढ्यावर ती अडकते. रुजू होताना चार्ज घेतला की प्रत्येक वस्तू डोळ्यांनी पाहून सही करा. जी नाही तिच्यापुढं ‘आढळली नाही’ असं लिहा आणि त्याची एक प्रत घरी ठेवा. रुग्ण कल्याण समितीच्या पैशाचा ठराव आधी, खर्च नंतर. निकडीचं होतं म्हणून उलटं केलं की तो लेखा आक्षेप होतो आणि तो तुमच्या मागं पाच बदल्या फिरतो. विधिमंडळाची पंचायत राज समिती तपासणीला येणार म्हटल्यावर रात्र-रात्र बसून नोंदवह्या लिहिणारी ऑफिसं मी बरीच पाहिलीत. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दोन तास क्लार्कशेजारी बसा, त्यात सगळं आटोक्यात राहतं. डीएचओ झाल्यावर जिल्हा नियोजनचा निधी, राष्ट्रीय आरोग्य अभियान, जिल्हा परिषदेचा सेस असे वेगवेगळ्या लेखाशीर्षांचे पैसे मार्चपर्यंत नियमात बसवून खर्च करायचे असतात. तिथं नवखा माणूस पूर्णपणे कनिष्ठ लेखाधिकाऱ्याच्या हातात जातो.

आणि माणसं. डीएचओला दोन मालक असतात: प्रशासनाला जिल्हा परिषदेचे सीईओ, तांत्रिक बाबींना आरोग्य मंडळाचे उपसंचालक. सातारा पुणे मंडळात येतो, सांगली कोल्हापूर मंडळात. शिवाय सभापती, सदस्य, आमदार. त्यांच्या मागण्या बहुतेक खऱ्याच असतात, पण त्यांच्या गावापुरत्या. ‘आमच्या उपकेंद्राला सिस्टर द्या’ म्हणणारा सदस्य चुकीचं मागत नसतो. कुठल्या पदाची किती रिक्त आहेत ही यादी खिशात ठेवून, तिथल्या तिथं दाखवून बोललात तर वाद कमी होतो. नुसतं ‘बघतो’ म्हणालात तर तो वाढतच जातो. सांगली-मिरजेची मोठी सरकारी रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडं आहेत. तिथल्या बेडसाठी तुमचा आदेश चालत नाही, ओळख आणि फोन चालतो. ती ओळख पीएचसीत असताना पेशंट नीट चिठ्ठी लिहून पाठवण्यातून होते.

नेमणूक मागताना सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा भूगोल वापरून घ्या. पश्चिमेला पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा: पाऊस, साप, तुटणारे रस्ते. कोयनेच्या जलाशयाकाठच्या कांदाटी खोऱ्यात पेशंट लाँचनं आणायचा. मध्ये कराड, वाळवा, पलूस, मिरज: साखर कारखाने आणि कृष्णेचा पूर. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी इथल्या प्रत्येक आरोग्य सेवकाला पाणी ओसरल्यावरचं काम शिकवलंय: विहिरींचं उपसून शुद्धीकरण, निवारा केंद्रातली रोजची तपासणी, चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन, गरोदर बाई आणि लहान मूल सोडून. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत: टँकर. टँकर भरतानाच टीसीएल पडली का, हे भरण केंद्रावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आणि आषाढीच्या आधी माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी साताऱ्यातून जाते, तेव्हा काही दिवसांत लाखो माणसांचं पाणी सांभाळायचं असतं. सगळी सेवा मिरज शहराजवळच्या एकाच पट्ट्यात काढलेला अधिकारी वर गेला की त्याचे आदेश अर्ध्या जिल्ह्याला लागू पडत नाहीत. एक नेमणूक डोंगरात, एक पूरपट्ट्यात, एक दुष्काळी भागात, असं जमलं तर बघा. जतची तुमची झालीच आहे.

घरचा विचार यात धरायला हवा. मुख्यालयी राहणं हा नियम आहे, आणि रात्री अडीचला सर्पदंश आला की त्याचा अर्थ कळतो. सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा, म्हणजे मुलांच्या शाळा बदलणार. जोडीदार तालुक्याच्या ठिकाणी नोकरी करू शकेल का, आई-वडिलांचं वय काय, घरावर कर्ज किती, यावर उत्तर फार बदलतं. दहा वर्षांत कर्ज फेडायचंच आहे अशी स्थिती असेल तर खात्याचा पगार आणि विट्यातलं किंवा कराडातलं हॉस्पिटल यांची तुलना करूच नका, ती होत नाही.

तुमच्या हातात बॉण्डचे अजून थोडे महिने आहेत. तेवढ्यात तीन गोष्टी करून पाहा. एक, आरोग्य सेवकाबरोबर एक अख्खं गाव, टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत, ओटी किट घेऊन चालत जा. दोन, एका उपकेंद्राची अपेक्षित आणि नोंदलेली बाळंतपणं स्वतः मांडा आणि फरकातली प्रत्येक बाई शोधा. लोकसंख्या ५,००० असेल तर वर्षाला ७५ च्या आसपास जन्म अपेक्षित. कानडी येत नसेल तर सिस्टरना बरोबर घ्या. तीन, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना विचारून तालुक्याच्या मासिक सभेत मागच्या खुर्चीवर बसा आणि तीन तास फक्त ऐका. या तिन्हींत कंटाळा आला तर नीटची तयारी क्लिनिकल शाखेच्या हिशेबानं करा. दुसऱ्या कामात जेवायचं भान राहिलं नाही, तर पीएसएमचा फॉर्म भरताना घरच्यांना काय सांगायचं ते तुम्हाला आपोआप सुचेल.

आणि जे काही ठरेल ते ठरो, कार्यमुक्त होण्याआधी बॉण्डपूर्तीचं प्रमाणपत्र, अनुभव दाखला आणि चार्ज दिल्याच्या यादीवर घेणाऱ्याची तारखेसह सही, हे तीनही कागद हातात घेतल्याशिवाय जत सोडू नका. नंतर या कागदांसाठी सांगलीच्या फेऱ्या माराव्या लागतात.